काळवीट, मंगल कार्यालय आणि साठ हजार : कॅमेरा घ्यायचा कसा?

हेडफोन लावून ऐकत असाल तर मस्तच, आणि बसमध्ये आवाज येत नाही म्हणून इथे वाचत बसला असाल तरी चालतंय. आजचा विषय तुम्हीच लावून धरलेला आहे. गेल्या तीन-चार महिन्यांत सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. "दादा, चांगले फोटो काढायचेत, कोणता कॅमेरा घेऊ?"

आधीच सांगतो, मी पोटापाण्याचा फोटोग्राफर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, कॅमेरा बाहेर निघतो तो शनिवार-रविवारी. पण पैसे खर्च करायच्या आधी आकडेमोड करायची खोड लागलीये, आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत ती फार उपयोगी पडते. त्यामुळे मी कुणाला थेट मॉडेलचं नाव सांगत नाही. उलटा प्रश्न विचारतो : कशाचा फोटो काढायचाय, किती लांबून, आणि तिथे उजेड किती असतो? या तिन्हींची उत्तरं आली की नव्वद टक्के दुकान आपोआप बाद होतं.

आज एक खरी केस घेऊ. माझा मावसभाऊ. कर्जत तालुक्यातला, आपल्या नगर जिल्ह्यातलं कर्जत बरं का, मुंबईजवळचं नाही. (हो, जिल्हा आता कागदावर अहिल्यानगर आहे, पण तोंडात नगरच येतं.) वय बावीस. दोन वर्षं गावातली बारशी, वाढदिवस, साखरपुडे मोबाईलवर शूट करून देतोय. काम चांगलं आहे, लोक बोलवतात. पण लग्नाची ऑर्डर मागायला गेला की पहिला प्रश्न येतो, "कॅमेरा कोणताय तुझ्याकडं?" मावशीने यंदाच्या कांद्याच्या पट्टीतून साठ हजार बाजूला काढले आणि त्याला म्हणाली, "हे घे, पण परत मागायचे नाहीत." कांद्याचे पैसे म्हणजे काय, हे नगरकरांना सांगायला नको. पुढच्या वर्षी भाव काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं.

तो एका दुकानात गेला. तिथे त्याला फुल फ्रेम बॉडी आणि सोबतची झूम लेन्स दाखवली. एक लाख पस्तीस हजार. साठ आत्ता भरा, बाकीचं ईएमआयवर. पोरगं जवळजवळ सही करून आलं होतं. रात्री मला फोन. "दादा, फुल फ्रेम म्हणजे प्रोफेशनल ना?"

म्हटलं, थांब. तुला नक्की काय काढायचंय ते सांग.

दोन गोष्टी होत्या. एक, मंगल कार्यालयातली कामं, ज्यातून पैसे येणार. दुसरी, रेहेकुरीचे काळवीट. त्याच्या गावापासून अभयारण्य गाडीवर अर्ध्या तासावर, आणि लहानपणापासून त्याला तो फोटो काढायचाय. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : रेहेकुरी अभयारण्य १९८० साली जाहीर झालं, क्षेत्रफळ जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. एवढासा गवताळ माळ, पण काळवीट हमखास दिसतात. दिसतात म्हणजे लांबून. जवळ जायला लागलात की कळप उड्या मारत गायब.

आता रेहेकुरीचा हिशोब करू. समजा काळवीट १०० मीटरवर आडवा उभा आहे. अंगाची लांबी साधारण सव्वा मीटरच्या आतबाहेर. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला १०० मीटरवर अंदाजे १५० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. फोनवर ५० मेगापिक्सेल लिहिलेलं असलं तरी बहुतेक फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतात, म्हणजे रुंदीला ४००० पिक्सेल. त्यात आपला काळवीट येतो बत्तीस-तेहतीस पिक्सेलचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या इमोजीएवढा! पाच पट ऑप्टिकल झूमचा महागडा फोन घेतला तर दीडशे-एकशे साठ पिक्सेल.

आणि २५० मिलिमीटरची लेन्स? लहान सेन्सरच्या, म्हणजे ज्याला एपीएस-सी म्हणतात त्या कॅमेऱ्यावर ती लावली तर १०० मीटरवर फक्त नऊ मीटरचा पट्टा दिसतो. २४ मेगापिक्सेलमध्ये काळवीट आठशे पिक्सेल रुंद. आता शिंगांचे पीळ मोजता येतील.

गंमत पुढे आहे. हीच २५० ची लेन्स आपण फुल फ्रेमवर लावली असं धरू. सेन्सर मोठा, म्हणून पट्टाही रुंद दिसणार, साधारण साडेचौदा मीटरचा. तेवढ्याच मेगापिक्सेलमध्ये काळवीट पाचशे पिक्सेलवर येतो. मोठ्या सेन्सरवर लांबचं तेवढंच मोठं हवं असेल तर आणखी लांब, आणखी जड, आणखी महाग लेन्स लागते. म्हणजे "प्रोफेशनल" बॉडी घेऊन भावाचा काळवीट लहान झाला असता.

पळणाऱ्या काळविटाचा वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातो, सेकंदाला बावीस मीटर. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो सदतीस सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, फोटोत नुसता तपकिरी पट्टा. १/१००० ला दोन सेंटिमीटर. म्हणून शटर स्पीड आपल्या हातात असायला हवा, आणि तो वाढवला की उजेड कमी पडतो. सकाळी सहा-साडेसहाला तर पडतोच.

इथून आपण मंगल कार्यालयात जाऊ, कारण तिथली खरी अडचण उजेडाचीच आहे.

कार्यालयात आपल्या डोळ्यांना लख्ख वाटतं, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने तिथे अंधार असतो. स्टेजवर दोन फोकस, बाकी ट्यूबलाइट. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडते. समजा त्या उजेडात आयएसओ ६४०० ला न्यावा लागतोय. फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात, नवरीच्या शालूचा रंग मातकट होतो. तिथेच एफ २ ला उघडणारी लेन्स लावा. उजेड जवळपास आठ पट. आयएसओ ८०० वर काम होतं. एफ १.८ ला जवळजवळ दहा पट.

आणि फुल फ्रेमचा सेन्सर एपीएस-सीपेक्षा किती मोठा? एकाचं माप ३६ बाय २४ मिलिमीटर, दुसऱ्याचं कॅननच्या बाबतीत २२.३ बाय १४.९. गुणाकार करून बघा, फरक येतो सव्वादोन ते पावणेतीन पटींच्या मधे. म्हणजे दुकानदाराच्या सेटमध्ये पाऊण लाख जास्त देऊन अडीच पट फायदा, आणि ५० मिलिमीटर एफ १.८ ची साधी छोटी लेन्स, जी जवळजवळ प्रत्येक कंपनीची सगळ्यात स्वस्त लेन्स असते, ती दहा पट उजेड देते. भावाला हे वहीत लिहून फोटो पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं, "मग दुकानात कुणी सांगितलं का नाही?" आता याला काय बोलणार.

एक सावधगिरी. एफ १.८ ला फोकसचा पट्टा फार पातळ असतो. खुर्चीवर बसलेले आजोबा शार्प आणि मागे उभी नातवंडं धूसर, असा ग्रुप फोटो कुणी पैसे देऊन घेणार नाही. ग्रुपसाठी एफ ४ किंवा ५.६, आणि फ्लॅश छताकडे तोंड करून मारायचा. म्हणून बजेटमध्ये साधा वळणाऱ्या डोक्याचा फ्लॅश धरलाच पाहिजे.

मग फोन टाकून द्यायचा का? अजिबात नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला या, अकोले तालुक्यात. भंडारदरा, कळसूबाईचा परिसर. मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर, तिथली झाडं काजव्यांनी लुकलुकतात आणि पुण्या-मुंबईहून गाड्यांची रांग लागते. इंस्टाग्रामवर एका झाडावर हजारो ठिपके दिसतात ना, तो बहुतेक वेळा एक फोटो नसतो. ट्रायपॉडवर कॅमेरा न हलवता वीस-वीस, तीस-तीस सेकंदांचे ढीगभर फोटो काढून ते एकमेकांवर चढवलेले असतात. इथे विषय जवळ आहे, झाड जागचं हलत नाही, वेळ आपल्याकडे भरपूर. प्रो मोडमध्ये तीस सेकंद शटर देणारा फोन आणि एक बऱ्यापैकी ट्रायपॉड असला तर काम होतं. कॅमेऱ्याने जास्त चांगलं येईल, प्रश्नच नाही. पण फक्त काजव्यांसाठी पन्नास हजार घालू नका. आणि टॉर्च, फ्लॅश, गाडीचे दिवे बंद ठेवा हो. तो लखलखाट त्यांचा जोडीदार शोधायचा मार्ग आहे, आपण मधेच प्रकाश मारला की सगळं बिघडतं.

आता ईएमआयबद्दल. कर्ज काढून कॅमेरा घेऊच नये, असं मी म्हणत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विमा पॉलिसीवर कर्ज काढलं, लंडन गाठलं आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण पुढे त्यांनी काय केलं ते बघा. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला, आणि रोज थोडं थोडं चित्रीकरण करून रोप उगवतानाची छोटी फिल्म बनवली. ती दाखवून पुढच्या भांडवलाची सोय केली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. तिकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेरा घरचाच तयार केला होता. सांगायचा मुद्दा, कर्ज असलं तरी त्यातून काय उगवतंय हे छोट्या कामात आधी दिसू द्या.

भावाने तेच केलं. नगरमधून दोन दिवसांसाठी एपीएस-सी कॅमेरा आणि ५० ची लेन्स भाड्याने आणली आणि ओळखीच्या घरातली हळद शूट केली. ते फोटो दाखवून पुढच्या दोन ऑर्डरी बोलून ठेवल्या, मगच खरेदी.

खरेदी सेकंडहँड. कॅनन आणि निकॉन दोघांचेही शेवटचे नवे डीएसएलआर २०२० मध्ये आले, त्यानंतर सगळा जोर मिररलेसवर. त्यामुळे चांगले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स बाजारात स्वस्तात निघतायत. तुमच्याकडे सव्वा-दीड लाख मोकळे असतील तर मिररलेस घ्या, त्याचा फोकस डोळा पकडून ठेवतो, व्हिडिओ सोपा जातो. साठ हजारांत दोन-तीन लेन्स बसवायच्या असतील तर माझं मत अजूनही जुन्या डीएसएलआरला. त्याने कॅननची २०० डी मार्क टू घेतली, २०१९ चं मॉडेल. सोबत किट लेन्स, जुनी ५५-२५०, नवी ५० एफ १.८, फ्लॅश, जास्तीची बॅटरी, दोन कार्ड. सगळं छप्पन्न हजारांत. चार हजार मावशीला परत दिले, तेव्हा ती म्हणे खोटं वाटून दोनदा मोजत होती.

सेकंडहँड घेताना काय बघायचं ते नीट सांगतो, इथेच लोक घाई करतात. लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स परत द्या, कितीही स्वस्त असो. एफ १६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या डागांसारखी दिसेल. धूळ साफ होते, ओरखडा होत नाही. शटर किती वेळा उडालंय तो आकडा मागा. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये तो मिळतो, कॅननच्या बऱ्याच बॉडींसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण लाखभर क्लिकच्या हिशोबाने बनवलेलं असतं, त्यामुळे लग्नात राबलेला नव्वद हजारांचा कॅमेरा असेल तर भाव पाडून मागा किंवा सोडा. बिलावरचा सिरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवा. बिलच नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या.

भावाच्या आत्तापर्यंत पाच ऑर्डरी झाल्यात, सहावी आळंदीच्या एका लग्नाची आहे. रेहेकुरीला तो चार वेळा जाऊन आलाय. उभ्या काळविटाचे फोटो छान आलेत, पण उडीचा अजून मिळालेला नाही. वनरक्षकाने त्याला सांगितलंय की मागे फिरू नको, एका जागी बसून राहा, ते येतील. तर आता तो बसतो.

पुढच्या भागात फोटो काढल्यावर मोबाईलवर एडिटिंग, फुकट अ‍ॅपमध्ये. तुमचं बजेट आणि कशाचे फोटो काढायचेत ते दोन्ही लिहून पाठवा. नुसतं "कोणता घेऊ" असं विचारलंत तर मी पुन्हा तेच तीन प्रश्न विचारणार आहे. चला, भेटू.