हिशेबाची दुसरी प्रत

मी ठाण्याच्या कोपरीतून बोलतेय. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, खाडीच्या बाजूला आमची वस्ती. आमच्या बचत गटाचा हिशेब आधी वहीत असायचा, आता तो माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर असतो.

दोन वर्षांपूर्वी पावसात लाइट गेली, आली, परत गेली. सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, "आतली हार्ड डिस्क गेली, ताई." सगळ्यांची पासबुकं गोळा करून हिशेब परत उभा करायला तीन आठवडे लागले. एका ताईंनी भरलेले दोन हप्ते पासबुकात चढवायचे राहून गेले होते. त्या भांडल्या नाहीत, नुसत्या गप्प बसल्या. ते मला जास्त लागलं. गट चालतो तो विश्वासावर.

तेव्हापासून मी हिशेबाची दुसरी प्रत ठेवते. तिलाच बॅकअप म्हणतात. पेरणीचं बी आपण सगळंच्या सगळं एका कणगीत ठेवत नाही, तसंच हे.

घरात एकच कॉम्प्युटर असेल तर बाहेरून लावायची हार्ड डिस्क घ्या आणि थेट त्यालाच जोडा. तेवढं पुरतं. पण माझ्याकडे दोन आहेत, एक गटाचा, एक मुलीचा. म्हणून मी डिस्क राउटरला जोडली. राउटर म्हणजे वायफायची ती पेटी. काही राउटरना मागे यूएसबीची खाच असते. तिथे डिस्क लावली की घरातले सगळे कॉम्प्युटर वायफायवरून तिच्यात प्रत ठेवू शकतात. विंडोजमध्ये फाइल हिस्ट्री नावाची सोय आहे. एकदा लावून दिली की ती आपोआप प्रत घेत राहते.

तिसरा मार्ग नॅस नावाच्या पेटीचा. ती राउटरला वायरने जोडतात. तिच्यात दोन डिस्क बसवल्या की दोन्हींवर एकच माहिती उतरते. एक बिघडली तर दुसरी चालू राहते. पण खर्च जास्त, आणि पुष्कळदा पेटीची किंमत वेगळी, डिस्कची वेगळी. आधी विचारून घ्या. नुसत्या हिशेबाला आणि फोटोंना मला तिची गरज वाटली नाही.

राउटरला डिस्क लावणार असाल तर तीन गोष्टी बघा. खाच दिसली म्हणजे डिस्क चालेलच असं नाही, दुकानात लावून दाखवायला सांगा. छोटी डिस्क राउटरमधूनच वीज घेते. ती कमी पडली तर डिस्क सारखी तुटते, मग वेगळ्या अडॅप्टरची डिस्क घ्यावी. आणि जुने राउटर फाइल पाठवायची जुनी, असुरक्षित पद्धत वापरतात. नवं विंडोज सहसा त्यांना जोडूनच घेत नाही.

डिस्कला पासवर्ड घाला. तिच्यात आपल्या बायांचे आधार क्रमांक आणि बँक खाती असतात. वायफाय वापरणाऱ्या प्रत्येकाला ती दिसता कामा नयेत. डिस्क बाहेरून इंटरनेटवर उघडायची सोयही बंद ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 27 जून 2017 ला जगभर एक कॉम्प्युटर व्हायरस पसरला. मर्स्क ही जगातली मोठी जहाज कंपनी ठप्प झाली. आपल्या न्हावाशेवा बंदरात तिच्या समूहाचं टर्मिनल आहे, त्याचंही काम अडलं. कंपनीचं सगळं जाळं ज्या माहितीवर चालायचं, तिच्या प्रती जगभरच्या सुमारे दीडशे कॉम्प्युटरवर होत्या. पण ते सगळे एकमेकांना सतत जोडलेले, म्हणून सगळे एकदमच गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का? तर त्या वेळी तिथली लाइट गेली होती आणि तो बंद पडला होता! त्या एका प्रतीवरून कंपनी परत उभी राहिली.

यातून एवढंच घ्यायचं, की सतत जोडलेली प्रत व्हायरसच्या तावडीत सापडू शकते. नॅसच्या दोन डिस्कचंही तेच. एकीवरची फाइल पुसली की दुसरीवरचीही जाते. आणि घरात पाणी शिरलं तर राउटर आणि डिस्क दोन्ही भिजतात. 26 जुलै 2005 चा पाऊस आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही.

म्हणून माझ्याकडे आणखी एक छोटी डिस्क आहे. महिन्याच्या बैठकीच्या दिवशी तिच्यात प्रत उतरवते, वायर काढते आणि ती आमच्या अध्यक्षताईंच्या घरी, वरच्या मजल्यावर कपाटात जाते. दर खेपेला तिच्यातली एखादी फाइल उघडूनही बघतो. उघडत नसेल तर ती प्रत काय कामाची?

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एवढं विचारा: आज कॉम्प्युटर बंद पडला तर आपला हिशेब कुणाच्या घरी सापडेल? एका ताईचं नाव ठरवा आणि ठराव वहीत लिहून ठेवा.