विजेचा मीटर आणि घरची नोंदवही

रोजच्या दुधाचा हिशेब ठेवीत नाहीं असें घर महाराष्ट्रांत शोधूनच काढावें लागेल. दाराआडच्या भिंतीवर खडूच्या रेघा ओढण्याचे दिवस गेले, तरी दिनदर्शिकेच्या चौकटींत दुधाचे खाडे मांडलेले असतातच. महिनाअखेर गवळी दोन दिवसांचे पैसे जास्त सांगूं लागला, तर गृहिणी ती दिनदर्शिका पुढें करते आणि वाद तेथेंच मिटतो. वाण्याच्या दुकानांत तराजूचा कांटा स्थिर होईपर्यंत कोणी त्यावरची दृष्टि काढीत नाहीं. इतकीं सावध असलेलीं हींच माणसें विजेच्या बाबतींत मात्र विलक्षण उदार होतात. माल घरांत येतो, खर्च होतो, महिन्याच्या शेवटीं एक आंकडा कळतो आणि तो मुकाट्यानें भरला जातो. तो माल मोजणारें यंत्र जिन्याखालीं किंवा दाराशींच अहोरात्र काम करीत असतें. परंतु महिन्यांतून एकदां त्याच्यासमोर उभें राहून आंकडा लिहून घेणारें घर विरळा.

बिल अवाच्या सवा आलें म्हणजे ही उदारता संपते. मग कचेरींत खेपा होतात, शब्दाला शब्द वाढतो. पण तेथील कारकुनानें “गेल्या महिन्यांत आपल्या मीटरवर कोणता आंकडा होता?” एवढाच प्रश्न विचारला, तर उत्तर नसतें. संताप कितीहि खरा असला तरी तो पुरावा होऊं शकत नाहीं. कागदावर तारीख घालून लिहिलेला पांच अंकी आंकडा मात्र पुरावा होतो.

ग्राहकाला स्वतः वाचतां येईल असें मापयंत्र लाभणें ही गोष्ट आरंभीं सहज नव्हती. ४ सप्टेंबर १८८२ रोजीं एडिसननें न्यूयॉर्कमध्यें पर्ल स्ट्रीटवरील वीजघर सुरू केलें. त्याच्या ग्राहकांकडे बसविलेला मीटर म्हणजे जस्ताच्या क्षाराचें द्रावण भरलेलें एक पात्र असे, आणि त्यांत जस्ताच्या पट्ट्या बुडविलेल्या असत. घरांत येणाऱ्या प्रवाहाचा एक लहानसा, ठराविक अंश त्यांतून जाई, आणि एका पट्टीवरचें जस्त सुटून दुसरीवर जाऊन बसे. कंपनीचा माणूस महिन्याकाठीं त्या पट्ट्या काढून नेई. तेथें त्यांचें वजन होई, आणि वजनांतील फरकावरून बिल तयार होई. युक्ति शास्त्रशुद्ध होती. परंतु ज्याच्या घरची वीज मोजली जात होती त्याला त्यांतलें कांहींच कळत नसे. पुढें १८८८ मध्यें अमेरिकेंत शॅलेनबर्गर यानें आणि १८८९ मध्यें बुडापेस्ट येथें ओटो ब्लाथी यानें फिरत्या चकतीचे मीटर तयार केले. आंकडे यंत्राच्या तोंडावर आले. कंपनीच्या माणसाला जो आंकडा दिसे, तोच घरधन्यालाहि दिसूं लागला. दोन्ही पक्षांना मान्य असा एकच साक्षीदार मिळाला. मात्र साक्षीदार कितीहि प्रामाणिक असला तरी त्याला कोणी विचारलेंच नाहीं, तर त्याची साक्ष व्यर्थ जाते.

ती व्यर्थ कशी जाते, हें अंदाजी बिलावरून कळतें. मीटर वाचणारा दारीं येतो तेव्हां घराला कुलूप असतें. मीटर आंतल्या खोलींत असतो. कोठें कांच धुरकटलेली, तर कोठें मीटरची पेटी अडगळीमागें दडलेली असते. वाचन झालें नाहीं म्हणून बिल थांबत नाहीं. मागील महिन्यांची सरासरी काढून तें पाठविलें जातें. यांत लबाडी नाहीं, निव्वळ अंकगणित आहे. परंतु संसार कांहीं सरासरीनें चालत नाहीं. पौषांत बंद असलेला पंखा वैशाखांत रात्रंदिवस फिरतो. लेक बाळंतपणाला येते, तेव्हां पाणी तापविण्याचें यंत्र दिवसांतून चार वेळां लागतें. सगळें घर गणपतीला कोंकणांत गेलें, तर आठ दिवस एक दिवाहि लागत नाहीं. सरासरीला यांपैकीं कशाचाच पत्ता नसतो.

याचा मोठा धडा २०२० सालीं मिळाला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि घरोघर जाऊन मीटर वाचण्याचें काम थांबलें. महावितरणनें पुढील बिलें आधीच्या डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या महिन्यांच्या सरासरीनें पाठविलीं. ते महिने थंडीचे होते. उलट एप्रिल आणि मे हे ऐन उन्हाळ्याचे महिने. त्यांत सारें कुटुंब घरांत कोंडलेलें, कचेरी घरांतच आणि मुलांचे पाठहि घरांतच. जूनमध्यें मीटर पुन्हां वाचले जाऊं लागले तेव्हां राहिलेला सगळा फरक एकाच बिलांत येऊन उभा राहिला, आणि राज्यभर तक्रारींचा पूर लोटला. त्या बिलांत दराच्या टप्प्यांचा लाभ महिनेवार विभागून दिला आहे, असा खुलासा महावितरणनें केला. परंतु तो खुलासा खरोखर पडताळून पाहणें ज्यांच्या घरीं एप्रिल-मेचे आंकडे लिहिलेले होते त्यांनाच शक्य होतें. बाकीच्यांना एकतर निमूट विश्वास ठेवावा लागला, नाहीं तर निष्कारण संशय बाळगावा लागला. ग्राहकानें स्वतः मीटर वाचून आंकडा पाठवावा अशी सोय महावितरणच्या मोबाईल ॲपमध्यें होती, आणि तिचा उपयोग करण्याचें आवाहनहि त्या काळांत करण्यांत आलें होतें.

या प्रसंगांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अंदाजी बिल कमी आलें म्हणजे सवलत मिळाली असें नव्हे. ती केवळ उसनवारी असते. जळलेली वीज मीटर विसरत नाहीं. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या वृद्ध जोडप्याच्या घरीं तीन महिने हलकीं बिलें आलीं आणि चौथ्या महिन्यांत चौपट आंकडा पुढें ठाकला, तर त्या महिन्याचीं औषधें आणि किराणा यांची ओढाताण ठरलेली. चूक कोणाचीहि नसली तरी ओढाताण खरीच असते.

शिवाय अंदाजांत आणखी एक खोंच आहे. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर चढत्या पायऱ्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना त्याहून बराच अधिक, आणि पुढें आणखी अधिक. आतां केवळ उदाहरणापुरतें असें धरावें कीं पहिल्या १०० युनिटांना दर युनिटास ४ रुपये आणि त्यापुढील युनिटांना १० रुपये पडतात. एका घरांत दोन महिने प्रत्येकीं ९० युनिटें जळलीं. प्रत्यक्ष वाचनानें दर महिन्याला ३६० रुपये, म्हणजे दोन महिन्यांचे ७२० रुपये होतात. परंतु पहिल्या महिन्यांत अंदाजानें ६० युनिटें धरलीं आणि उरलेलीं ३० दुसऱ्या महिन्यांत घालून १२० केलीं, तर पहिलें बिल २४० रुपयांचें आणि दुसरें ६०० रुपयांचें होईल. बेरीज ८४०. वीज तितकीच जळली, दर तेच राहिले, तरी १२० रुपये अधिक गेले. कारण २० युनिटें उगीचच वरच्या पायरीवर चढून बसलीं. खरा आंकडा आल्यावर आधीचे महिने नीट वांटून दुरुस्ती झाली तर हें नुकसान भरून निघतें. पण तशी दुरुस्ती झाली कीं नाहीं हें ताडून पाहण्यासाठींहि घरांत नोंद असावीच लागते.

ही नोंद ठेवण्यास विद्वत्ता लागत नाहीं. एक वही, एक ठराविक तारीख आणि घरांतील एक ठराविक माणूस एवढें पुरे. बिलावर मागील वाचनाची आणि चालू वाचनाची तारीख छापलेली असते. तिच्या आसपासचा दिवस निवडावा. आठवी-नववींतल्या मुलाकडे हें काम सोंपविलें तर त्याचें वजाबाकीचें शिक्षणहि होतें. चार रकाने पुरतात: तारीख, मीटरवरचा आंकडा, मागील आंकड्यापासूनचीं युनिटें, आणि शेरा. पाहुणे आले, घर बंद होतें, शीतकपाट नवें घेतलें, असें कांहीं शेऱ्याच्या रकान्यांत लिहिलें म्हणजे सहा महिन्यांनीं तोच कागद बोलका होतो.

वाचतांना मात्र थोडी दक्षता हवी. जुन्या, चकतीच्या मीटरांत शेवटचा अंक बहुधा लाल चौकटींत असतो. तो दशांशाचा असल्यामुळें सोडून द्यावयाचा असतो. तो धरला तर आंकडा दसपट होतो. हल्लींच्या इलेक्ट्रॉनिक मीटरांत आंकडे आळीपाळीनें येतात: कधीं तारीख, कधीं वेळ, कधीं कमाल मागणी. त्यांपैकीं ज्याच्या बाजूला ‘केडब्ल्यूएच’ हीं अक्षरें दिसतात तोच युनिटांचा आंकडा, तेवढाच घ्यावा. अंकांची अदलाबदल हाहि नित्याचा दोष आहे. ४५८१ च्या जागीं ४८५१ लिहिलें गेलें कीं २७० युनिटांचा भुर्दंड हवेंतून निर्माण होतो. म्हणून आंकडा दोनदां वाचावा आणि मोबाईलवर त्याचें छायाचित्र घ्यावें. त्या छायाचित्रांत मीटरचा क्रमांकहि स्पष्ट यावा. नाहीं तर शेजाऱ्याच्या मीटरचा आंकडा आपल्या नांवावर जाण्याचा संभव मोठ्या इमारतींत नेहमींच असतो. नंतर वीज पुरविणाऱ्या कंपनीनें जी सोय ठेविली असेल तिच्या द्वारें, बिलावरचा ग्राहक क्रमांक घालून, मुदतीच्या आंत आंकडा पाठवावा आणि पोंच जपून ठेवावी. मुदत टळल्यावर पाठविलेला आंकडा गाडी सुटल्यावर काढलेल्या तिकिटासारखा आहे.

कायद्यानेंहि या गोष्टीला आतां पाठबळ दिलें आहे. केंद्र सरकारनें ३१ डिसेंबर २०२० रोजीं वीज ग्राहकांच्या हक्कांसंबंधीं नियम प्रसिद्ध केले. मीटर लागोपाठ दोन वेळां वाचणाऱ्याच्या आवांक्यांत आला नाहीं, तर ग्राहकानें मीटरचें तारखेसह छायाचित्र पाठवावें, अशी मुभा त्यांत आहे. आणि तें पाठविल्यावर कंपनीनें अंदाजी बिल पाठवावयाचें नाहीं. एका आर्थिक वर्षांत एका ग्राहकाला दोहोंपेक्षां अधिक अंदाजी बिलें देतां येत नाहींत. तक्रार मिटली नाहीं तर २००३ च्या वीज कायद्यान्वयें स्थापन झालेला ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्याच्याहि वर विद्युत लोकपाल आहे. पण मंच झाला तरी तो आंकड्यांवरच निर्णय देणार. वही नसलेल्या ग्राहकाचा हक्क हा धार नसलेल्या सुरीसारखा असतो.

नोंदवहीचे आणखीहि उपयोग आहेत. भाड्याचें घर सोडतांना किंवा नव्या घरांत पाऊल टाकतांना, मालक आणि भाडेकरू या दोघांनीं मिळून मीटरचा आंकडा लिहून त्यावर सह्या केल्या, तर पुढचें मनोमालिन्य टळतें. गांवाला जातांना कुलूप लावण्यापूर्वीं आंकडा लिहावा, परत आल्यावर पुन्हां पाहावा. एखाद्या महिन्यांत कारणावांचून युनिटें वाढलेलीं दिसलीं, तर घरांतलीं सर्व बटनें बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थोडा वेळ न्याहाळावा. सर्व बंद असूनहि तो नियमानें लुकलुकत राहिला, तर कोठें तरी वीज गळते आहे, किंवा भलत्याच घराची तार येथें जोडली गेली आहे, असा संशय घेण्यास जागा आहे. अशा वेळीं परवानाधारक तारतंत्रीस बोलवावें; मीटरच्या पेटीला आणि तिच्यावरच्या सीलला मात्र घरांतल्या कोणीं हात लावूं नये.

अलीकडे कांहीं घरांत आपलें वाचन स्वतःच कचेरीकडे पाठविणारे मीटर बसूं लागले आहेत. तेथें आंकडा पाठविण्याचा खटाटोप उरत नाहीं; पण म्हणून तो पाहण्याचें कारण संपतें असें नाहीं. गवळी कितीहि विश्वासू असला तरी दिनदर्शिकेवरचे खाडे कोणी मांडायचें सोडीत नाहीं. त्यांत अविश्वास नसतो. आपल्या घरांत काय येतें आणि काय जातें हें आपणांस ठाऊक असावें, एवढाच त्यांतला अर्थ. ज्या घरांत मीटरचा आंकडा महिन्याच्या महिन्याला लिहिला जातो, तेथें बिल आल्यावर घरधनी प्रथम रकमेकडे पाहत नाहीं. तो वही उघडतो. दोन आंकडे जुळले तर तो निश्चिंतपणें पैसे भरतो. न जुळले तर त्याला आवाज चढवावा लागत नाहीं.