छताखालचा बाजार



मॉल म्हटलं की फलटणच्या माणसाच्या डोळ्यांसमोर पुणं उभं राहतं. विमाननगरला जायचं, दिवसभर गारव्यात हिंडायचं, पोरांना सरकत्या जिन्यावरून चार चकरा मारू द्यायच्या, वरच्या मजल्यावर काहीतरी खायचं आणि रात्री लोणंदमार्गे घर गाठायचं. लोक तिथे हौसेनं जातात आणि त्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. मला बोलायचं आहे ते त्या छताबद्दल. उघड्यावरचा बाजार छताखाली गेला तेव्हा ते छत कोणाच्या मालकीचं झालं?

बंदिस्त मॉलची सुरुवात अमेरिकेत झाली. मिनेसोटा राज्यातल्या एडिना या उपनगरात ८ ऑक्टोबर १९५६ रोजी साउथडेल नावाचं केंद्र उघडलं. ते व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकारानं बांधलं होतं. हा मूळचा व्हिएन्नाचा ज्यू. १९३८ साली नाझी सैन्य शिरल्यावर देश सोडून अमेरिकेत आलेला. मिनेसोटात हिवाळ्यात हाडं गोठतात आणि उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात. म्हणून त्यानं सगळा बाजारच आत घेतला. बाहेरच्या भिंती जवळजवळ कोऱ्या ठेवल्या, दुकानांची तोंडं आतल्या चौकाकडे वळवली आणि बारा महिने सुमारे २४ अंश तापमान राखलं. दोन टोकांना दोन मोठी दुकानं, म्हणजे एकातून दुसऱ्याकडे जाताना गिऱ्हाईक मधल्या लहान दुकानांवरूनच जाणार. ही युक्ती आजही जगभरचे मॉल वापरतात.

पण ग्रुएनला नुसती दुकानं बांधायची नव्हती. अमेरिकेची उपनगरं त्याला भकास वाटत. घरं आहेत, मोटारी आहेत, पण चार माणसं सहज भेटतील अशी जागाच नाही. व्हिएन्नातले चौक त्याच्या मनातून गेले नव्हते. साउथडेलभोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग, तळं असं अख्खं गाव त्यानं कागदावर आखलं होतं. त्यातला मॉल तेवढा त्याच्या मनासारखा उभा राहिला, कारण पैसा त्यातच होता. १९५४ साली अमेरिकन सरकारनं नव्या इमारतींच्या घसाऱ्यावर करसवलत दिली आणि गुंतवणूकदारांना मॉल बांधणं फार फायद्याचं झालं. आयुष्याच्या शेवटी ग्रुएन व्हिएन्नाला परतला. या मॉलचं पितृत्व आपल्याला नको, असं त्यानं जाहीरपणे सांगितलं. ज्याला चौक बांधायचा होता त्याच्या हातून असा चौक बांधला गेला, की जिथे दारावर मालकाचा पहारेकरी उभा असतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट १९९९ साली ढळढळीतपणे समोर आली. मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स हा शहरातला पहिला मोठा मॉल सुरू झाला. बघायला इतकी गर्दी लोटली की व्यवस्थापनानं नियम काढला: हातात मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असेल त्याला सोडायचं, बाकीच्यांनी ६० रुपयांचं तिकीट काढायचं. १९९९ साली मोबाइल किती जणांकडे होता ते आठवा. ओरड झाली आणि तो नियम मागे घ्यावा लागला. पण मला तो प्रसंग महत्त्वाचा वाटतो. बाजारात शिरायला माणसाची ऐपत तपासायची, हे आपल्या मुलखात कधी कोणाला सुचलं नव्हतं.

त्यानंतर उपनगरं भराभर बदलली. मालाडला २००४ साली इनऑर्बिट आला. राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली होती, तेव्हा मॉलच्या माथ्यावर सिनेमागृहं आली आणि सिनेमामुळे खालच्या दुकानांना गिऱ्हाईक मिळालं. जागा मिळाल्या त्या पुष्कळदा बंद पडलेल्या कारखान्यांच्या. लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ सालची. आज तिच्या आवारात मॉल आहे आणि जुनं धुराडं मधोमध उभं आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. त्या संपात सातारा-सांगलीकडची किती घरं उद्ध्वस्त झाली, ते या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर इथल्या वाड्यावस्त्यांच्या चुली पेटत होत्या. त्या धुराड्याखाली आज खरेदी चालते, तेव्हा त्या जमिनीवर आपल्या माणसांचा घाम सांडला आहे, एवढं तरी आपण विसरू नये.

छताखालचा बाजार आपल्याला नवा नाही. पुण्याची मंडई १८८६ साली उघडली. त्याआधी शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भाजी विकली जाई. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा या बांधकामाला त्यांनी विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीवर घालण्याऐवजी शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचं म्हणणं. ज्या मंडईला त्यांनी विरोध केला तिलाच पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं त्यांचं नाव मिळालं. मला यातून एवढंच दिसतं की ते छत नगरपालिकेचं होतं, म्हणून त्याच्या खर्चाबद्दल एक सदस्य उभा राहून बोलू शकला. खासगी मॉलच्या खर्चाबद्दल, भाड्याबद्दल, दाराबद्दल तुमचा नगरसेवक कुठे उभा राहून बोलणार?

आणि आपल्या शेजारी एक तिसरी वाट निघाली. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याभोवती दूध, शिक्षण आणि त्याबरोबर वारणा बाजार उभा केला. सत्तरच्या दशकात खेड्यातल्या बायका शिगोशीग भरलेल्या मांडण्यांमधून हिंडून, भाव वाचून, स्वतःच्या हातानं माल निवडू लागल्या. ग्राहक संस्थेचे सभासद, म्हणजे छताचे मालक तेच. मुंबईत मॉल यायला तेव्हा वीस वर्षं अवकाश होता. सहकारात पुढे काय बिघडलं ते आपण सगळे जाणतो, तरी ही कल्पना मला फार मोठी वाटते. मॉलच्या इतिहासात वारणा बाजाराचं पान कोणी लिहीत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता फलटण. हे संस्थानी गाव आहे. राजवाडा आणि श्रीराम मंदिर यांच्या आसपास इथला बाजार वाढला. ज्ञानोबांची पालखी मुक्कामाला येते, रामाचा रथ निघतो, तेव्हा रस्ताच बाजार होतो आणि कोणाला कोणी अडवत नाही. कमिन्ससारखे कारखाने आले, रेल्वे आली, पगारदार माणूस वाढला. उद्या इथे कोणी मोठा बंदिस्त मॉल बांधायला आला तर त्याला अडवावं, असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडच्या गावांतून व्यापारी संकुल बांधलं जातं तेव्हा काय होतं ते पाहा. गाळ्यांचा लिलाव होतो, डिपॉझिट भरू शकणारे आत जातात, आणि आसपासच्या गावांहून मेथीच्या जुड्या घेऊन आलेली बाई त्याच संकुलाच्या पायरीखाली उन्हात बसते. तिच्यासाठी नकाशात ओटा नसतो, पाण्याचा नळ नसतो, स्वच्छतागृह नसतं. हे नकाशे नगरपालिकेत मंजूर होतात. पुढचा नकाशा येईल तेव्हा ओटे किती, ते तळमजल्यावर आहेत का, आणि त्यांचं रोजचं भाडं काय, हे तीन प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा.