आधी वही, मग साखळी
(ग्रामसंघाच्या बैठकीतलं बोलणं)

ताईंनो, साबण, चहा, ताकदीची पावडर विकणाऱ्या नेटवर्क मार्केटिंगमध्ये उतरू का, असं बऱ्याच जणी विचारतात. त्याला लागणारे गुण गटानं तुम्हाला शिकवलेत: न लाजता बोलणं, नकार पचवणं, चिकाटी, चोख हिशोब. पण सगळ्यात मोठा गुण खरेपणा. कारण इथं गिऱ्हाईक म्हणजे आपलीच जाऊ, शेजारीण, गटातली मैत्रीण. माल खपला अन् विश्वास गेला, तर उद्या बैठकीत बसायचं कसं?

आकडेमोडही हवी. एकीनं पाच जणी जोडल्या, त्या प्रत्येकीनं आणखी पाच, तर पाचव्या पायरीला ३१२५ बाया लागतात. कुठून आणणार? म्हणून आधी विचारा, कमाई माल विकून होते की माणसं जोडून? माणसं जोडण्यावरच चालणाऱ्या पिरॅमिड योजनेला २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी आहे. फसवणूक वाटली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

गटाचं कर्ज काढून मालाची पेटी घेऊ नका. आधी थोडा माल स्वतः वापरा, दहा घरी विका, गाडीभाडं वजा करून वहीत नफा दिसतो का बघा. मगच ठरवा.