ओळखीची वाट आणि नियमाची वाट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, महाल येथे केलेले भाषण)



सरकारी कचेऱ्यांतील कामाची रीत कशी सुधारावी, हा विषय ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावर कित्येकांस परका वाटेल. परंतु मुलाच्या प्रवेशासाठी जातीचे प्रमाणपत्र, वडिलोपार्जित घराच्या आखीव पत्रिकेवर वारसांची नोंद, वृद्धांचे निवृत्तिवेतन, यांपैकी एकही काम ज्या घरात कधी निघाले नाही, असे घर आपल्या महालात सापडणे कठीण. तेव्हा कचेरीत कागद कोणत्या वाटेने चालतो, हा आपल्या घरचाच प्रश्न होय.

काम खोळंबले की आपण दोन उपाय सुचवितो : माणसे वाढवा, नाही तर संगणक बसवा. दोन्हींची गरज असेल. पण वाटच वाकडी असेल तर वेगाने चालणाराही वळसाच घालणार. जुनी पद्धत जशीच्या तशी यंत्रावर चढविण्याऐवजी तीतील निरर्थक पायऱ्या आधी काढून टाकाव्यात, असे मायकेल हॅमर या अमेरिकन अभ्यासकाने १९९० साली प्रतिपादिले.

हा विचार महाराष्ट्राला तत्पूर्वीच ठाऊक होता. १९८० नंतरच्या दशकात अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीची घडीच बदलली. विखुरलेले नियम व आदेश एकत्र केले, दप्तर वर्गवारीने लावले, आणि कर्मचाऱ्यांची बैठक अशी मांडली की कोणते काम कोणाकडे आहे हे येणाऱ्यास कळावे. पुढे २०१७ साली पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी शून्य प्रलंबिततेची मोहीम चालविली. साचलेली प्रकरणे निकाली काढणे व रोजच्या कागदाची रोज निर्गती करणे, हे तिचे सूत्र होते.

एखादी पायरी गाळल्याने काय साधते, त्याचेही उदाहरण आहे. प्रमाणपत्राच्या नकलेवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळविण्यासाठी साहेबांच्या दारी ताटकळणारे विद्यार्थी मी शिक्षक या नात्याने वर्षानुवर्षे पाहिले. ९ मार्च २०१५ च्या शासननिर्णयाने स्वयंघोषणा व स्वयंसाक्षांकन ग्राह्य मानले गेले. मूळ कागद पडताळून पाहता येतच होता. मधली सही काढल्याने बिघडले काही नाही, मुलांचे हेलपाटे मात्र वाचले.

त्याच वर्षी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. मुदत टळली अथवा अर्ज फेटाळला गेला तर वरिष्ठांकडे पहिले व दुसरे, आणि आयोगाकडे तिसरे अपील करता येते. सबळ कारणावाचून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे.

आता थोडे कटू बोलतो. इतके असूनही अर्ज करण्यापूर्वी आपला पहिला प्रश्न असतो, "त्या कचेरीत आपल्यापैकी कोण आहे?" ज्ञातिबांधवाच्या शब्दाने आपला कागद वर आला, की दुसऱ्या कोणाचा तरी खाली जातो. तो दुसरा कदाचित आपल्याच समाजातील, खेड्यातून मोलमजुरीस आलेला, कोणाचीही ओळख नसलेला गृहस्थ असेल. त्याच्या मुलाचा प्रवेश हुकला, तर त्या पापात आपलाही वाटा आहे. "ओळखीवाचून काम होत नाही" असे काही जण म्हणतात. पण जोवर ओळखीने काम होते, तोवर पद्धत सुधारण्याची निकड कोणास भासणार?

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. नोकरीत असलेल्या बांधवांनी लागणाऱ्या कागदांची यादी एकदाच आणि संपूर्ण द्यावी, आणि अर्ज आलेल्या क्रमाने हाती घ्यावेत. अर्जदारांनी दिनांकासह पोच घ्यावी, मुदत विचारावी आणि ती टळल्यास न कचरता अपील करावे. आणि आपल्या मंडळाने शिष्यवृत्तीच्या अर्जातील अनावश्यक दाखले गाळून, निर्णयाचा दिनांक आधीच जाहीर करावा. दर रविवारी मंडळात दोन जाणत्या सभासदांनी बसून गरजूंचे अर्ज नीट भरून द्यावेत. त्यांनी माहिती द्यावी. वशिला देऊ नये.

ज्ञातीने एकमेकांस हात द्यावा, हे खरेच. तो हात रांग मोडण्यासाठी नव्हे, तर रांगेत मागे राहिलेल्यास सावरण्यासाठी असावा, एवढेच सांगून आपली रजा घेतो.