समुद्रकाठचे गाव आणि त्याची शाळा

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यान)



समुद्रकाठी जाऊन राहावे, अशी इच्छा नागरवाड्यासारख्या दाट वस्तीत राहणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा तरी होतेच. त्या इच्छेत माडांची सावली असते, वाळू असते, ताजी मासळी असते. परंतु समुद्रकाठी चार दिवस राहणे वेगळे आणि बारमाही संसार करणे वेगळे. तेथील रहिवाशाला वेगळे प्रश्न पडतात. मुलांनी शिकावे कोठे? दिवसभराच्या कष्टानंतर मन रमवावे कशात? पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्यावर त्या चार महिन्यांत बुद्धीला खाद्य कोण देणार? या प्रश्नांची उत्तरे निसर्ग देत नाही. ती गावाला स्वतःच शोधावी लागतात. अशी उत्तरे शोधणाऱ्या एका गावाची हकीकत ग्रंथालयाच्या या उत्सवात सांगण्याजोगी आहे. ते गाव म्हणजे वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे.

शिरोडे गोव्याच्या सीमेजवळ वसलेले आहे. एका बाजूस वेळागरचा लांबलचक किनारा आणि सुरूचे बन, दुसऱ्या बाजूस खाडीच्या पाण्यावर पिकणारी मिठागरे. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यावे, ते उन्हाने आटू द्यावे आणि तळाशी उरलेले मीठ ओढून त्याच्या राशी कराव्यात, हा येथील जुना उद्योग. याच मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेले हे खेडे महाराष्ट्रभर ठाऊक झाले.

या गावात करमणुकीची वाण कधीच नव्हती. भाताची कापणी उरकली की देवस्थानांच्या जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळी आपला पेटारा घेऊन गावोगाव फिरू लागतात. प्रथम गणपती, सरस्वती आणि संकासुर यांचा आडदशावतार, मग पुराणातील आख्यान, असा खेळ पहाटेपर्यंत चालतो. नटांजवळ लिहिलेली संहिता नसते. कथानकाचा सांगाडा ठरलेला असतो आणि संवाद ज्याने त्याने रंगभूमीवरच रचावयाचे असतात. या कलावंतांपैकी पुष्कळ जण दिवसा शेती किंवा मोलमजुरी करणारे. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण कोकणात त्यांच्यावरूनच रूढ झाली. याखेरीज डबलबारीची भजने आहेत, गणेशोत्सवातल्या आरत्या आहेत, आणि शेजारच्या आरवलीस वेतोबाची जत्रा आहे. भक्तांनी वाहिलेल्या त्याच्या भल्यामोठ्या वहाणा पाहून परगावचा माणूस थक्क होतो.

संस्कृती होती, उणीव होती ती आधुनिक विद्येची. ती भरून काढण्यासाठी गावात ट्युटोरियल इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि १९२० साली तेथे बावीस वर्षांचा एक तरुण शिक्षक म्हणून आला. त्याचे नाव विष्णु सखाराम खांडेकर. जन्म सांगलीचा. पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता दत्तक गेल्यामुळे कोकणाशी संबंध आला आणि पदवी मात्र अपुरी राहिली. त्या काळी मुंबईहून आगबोटीने वेंगुर्ल्यास उतरावे आणि पुढची वाट धरावी, इतके ते ठिकाण आडबाजूचे. महत्त्वाकांक्षी तरुणाने तेथे एखादे वर्ष काढून पुण्या-मुंबईची वाट धरली असती, तर त्यात कोणाला नवल वाटले नसते. खांडेकर १९३८ पर्यंत शिरोड्यासच राहिले.

या अठरा वर्षांत त्यांनी मुले शिकविली, शाळा वाढविली आणि उरल्या वेळात लेखन केले. ‘हृदयाची हाक’ १९३० साली, ‘कांचनमृग’ १९३१ साली, ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ १९३४ साली प्रसिद्ध झाल्या. मास्टर विनायकांच्या ‘छाया’ या १९३६ सालच्या बोलपटाची कथाही याच शाळामास्तराची. पुढे ‘ययाति’साठी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला आणि तो सन्मान मिळविणारे ते पहिले मराठी लेखक ठरले. गरिबी, ध्येयवाद आणि त्यांचा संघर्ष हा त्यांच्या लेखनाचा गाभा. तो त्यांना मिठागरावरच्या मजुरात, कोळ्यात आणि फीचे पैसे नसलेल्या विद्यार्थ्यात रोज दिसत होता. गावाने शाळेला मास्तर दिला आणि त्या गावाने मास्तरला लेखक केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ती शाळा आज अ. वि. बावडेकर विद्यालय या नावाने उभी आहे.

परंतु या हकीकतीची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोकणातील प्रत्येक चांगली शाळा ही गावाबाहेर पडण्याचा दरवाजाही असते. शिकलेला मुलगा मुंबईस जातो, घरी मनीऑर्डर येते आणि आंगण हळूहळू ओस पडते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पाहुणे आता पुष्कळ येतात. पण समुद्र पाहून परत जाणाऱ्यांच्या जोरावर शाळा आणि वाचनालय चालत नाही. ते चालते तेथे राहणाऱ्यांच्या आणि दूर जाऊनही गाव न विसरणाऱ्यांच्या जोरावर.

बडोद्याच्या श्रोत्यांना हा प्रश्न परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांची चळवळ उभारली आणि फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत नेली. नवसारीपासून ओखामंडळापर्यंत या राज्यालाही समुद्रकिनारा होता. येथे राजाने केले ते शिरोड्यात गावकऱ्यांना आणि एका मास्तराला करावे लागले. आता बडोद्यासही राजाश्रय उरलेला नाही. पूर्वजांचे गाव सोडून येथे रुजलेल्या मराठी कुटुंबांतील मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक उचलतीलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शंभर वर्षांच्या ग्रंथालयापुढे खरा प्रश्न आहे तो हाच.

शिरोड्याच्या परिसरातील किनाऱ्यावर रापण ओढण्याची पद्धत आहे. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावरची माणसे धरून ठेवतात. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळे सोडते आणि दुसरा दोर किनाऱ्यावर आणून देते. मग दोन्हीकडची माणसे एका तालात ओढू लागतात. एक बाजू सैल पडली की मासळी निसटते. शेवटी मिळेल त्याची वाटणी ठरल्याप्रमाणे सर्वांत होते. संस्थेचा एक दोर चालकांच्या हाती असतो, दुसरा सभासदांच्या. वर्गणी भरणे एवढ्याने तो दोर ओढला जात नाही. घरातल्या लहान मुलाचे बोट धरून त्याला या पायऱ्या चढवाव्या लागतात, त्याच्या नावाने पुस्तक काढावे लागते आणि ते त्याच्याशेजारी बसून वाचावे लागते. दुसऱ्या शतकाचे सभासद त्यातूनच मिळतील.