पत्र्याचा उलगडा

उन्हाळा तोंडावर आला कीं यवतमाळच्या बाजारांत एक ठराविक नाद कानीं पडूं लागतो. जस्ती पत्र्यावर लांकडी मोगरी पडत असते आणि कूलरचीं खोकीं एकामागून एक उभीं राहत असतात. हा नाद आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्याच्यामागें भूमिति आहे हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ती भूमिति हल्लीं आम्ही विद्यार्थ्यांस संगणकावर शिकवितों. ती कशी शिकवावी, याविषयीं आज चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

पत्रेकामांतील खरी अडचण ठोकतांना येत नाहीं, कापतांना येते. वस्तु व्हावयाची असते घन आणि हातांतला पत्रा असतो सपाट. नरसाळ्याचेंच उदाहरण घ्या. तोंडाचा व्यास ३० सेंटिमीटर, शंकूची उंची २० सेंटिमीटर. खालची तोटी क्षणभर बाजूस ठेवूं. याचा पत्रा कसा कापाल, असें विचारलें कीं पुष्कळ मुलें त्रिकोण काढून दाखवितात. वस्तुतः याची तिरकी उंची २५ सेंटिमीटर भरते, आणि तेवढ्या त्रिज्येची, २१६ अंशांची, वर्तुळपाकळी कापावी लागते. पुठ्ठ्याची अशी पाकळी कापून तिच्या दोन कडा जुळविल्या कीं नरसाळें आपोआप उभें राहतें, आणि वर्ग क्षणभर गप्प होतो. ती शांतता मला फार मोलाची वाटते.

आमच्या जिल्ह्यांत अशीं उदाहरणें शोधावयास दूर जावें लागत नाहीं. जिनिंगच्या कारखान्यांत कापूस पत्र्याच्या रुंद नळांतून वाऱ्याच्या जोरावर खेचला जातो. नळ जेथें वळतो तेथील कोपर तिरक्या कापलेल्या तुकड्यांचें जोडलेलें असतें. त्यांतला एक तुकडा उलगडून सपाट केला, तर त्याची कड सरळ न राहतां लाटेसारखी होते. आणि ही लाट म्हणजे त्रिकोणमितीच्या पुस्तकांतील साइन-वक्रच होय! पुस्तकांत ज्याची भीति वाटत होती, तो वक्र जिनिंगच्या छपराखालीं टांगलेला पाहून मुलें हंसतात.

मात्र प्रत्येक वस्तु उलगडते असें नाहीं. संत्र्याची साल काढून ती टेबलावर चापून बसवूं गेलें तर ती फाटते. असें कां व्हावें, याचें उत्तर जर्मन गणिती गाउस यानें १८२७ सालीं दिलें: गोलाच्या पाठीस जी वक्रता असते ती न ताणतां, न फाडतां नाहींशी करतां येत नाहीं. नळकांडें आणि शंकु यांस तसली वक्रता नसते, म्हणून तीं सुखानें उलगडतात. तांब्याची घागर ठोकून, धातु ताणूनच घडवावी लागते, तीहि याच कारणानें.

आतां संगणकाकडे वळूं. आज पत्रेकामाचे निरनिराळे कार्यक्रम मिळतात. फ्रीकॅडसारखा कार्यक्रम तर विनामूल्य आहे. पडद्यावर घन वस्तु रचावी, एक आज्ञा द्यावी, आणि सपाट आकृति समोर यावी, इतकें हें सोपें झालें आहे. येथें एक गंमत सांगतों. विद्यार्थी अखंड नळकांडें काढतो आणि उलगडावयास सांगतो. संगणक साफ नकार देतो. कारण उघड आहे. शिवण कोठें, हें त्यास सांगितलेलेंच नसतें! बारीकशी चीर ठेवली कीं काम होतें. टिनाचें काम करणाऱ्या कोणत्याहि कारागिरास ही चूक व्हावयाची नाहीं.

पण संगणक नकार देतो तेथें धोका नाहीं. तो मुकाट्यानें होकार देतो तेथें आहे. एकदां मीं वर्गाकडून कूलरच्या पायांमध्यें बसणारी पट्टी करविली. मधला भाग ६०० मिलिमीटर, दोन्ही कडांस ५० मिलिमीटरच्या उभ्या घड्या, मापें बाहेरून, पत्रा १ मिलिमीटर जाडीचा. बेरीज सातशेंची, म्हणून पत्रा सातशेंचा कापला. घड्या घातल्यावर मधला भाग साडेतीन मिलिमीटरांहून अधिक वाढला आणि पट्टी पायांमध्यें बसेना. घडींत पत्रा कोपरा गांठीत नाहीं, आंतून वळसा घेतो. बाहेरची बाजू ताणते, आंतली आकसते, आणि मध्यें एक थर दोन्हींपासून अलिप्त राहतो. तो थर जाडीच्या कितव्या हिश्शावर आहे, हा आंकडा संगणकास आपण द्यावयाचा असतो. न दिला तर तो आपल्या मनाचा एखादा घेतो आणि ब्रहि काढीत नाहीं. आमच्या कार्यक्रमांत तो आंकडा कोणी पाहिलाच नव्हता. आणि पाहण्यास मींहि सांगितलें नव्हतें.

ती पट्टी घेऊन मी बाजारांतल्या एका वृद्ध कारागिराकडे गेलों. त्यानें ती उलटसुलट फिरविली आणि म्हटलें, “गुरुजी, दोन घड्यांमागें एक सूत सोडत जा नं.” सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, सुमारें ३.२ मिलिमीटर. आमच्या हिशेबानें सोडावयास हवे होते ३.६.

तेव्हांपासून मीं क्रम बदलला. आधीं पुठ्ठा, मग कातर आणि पत्रा, आणि संगणक त्यानंतर. शिवाय प्रत्येकानें १०० मिलिमीटरची एक पट्टी काटकोनांत मोडून दोन्ही बाजू बाहेरून मोजावयाच्या. बेरीज १०१.८ येते, आणि पत्रा वाढला कसा, असा प्रश्न मुलें आपण होऊन विचारतात. घडीची आंतली त्रिज्या १ मिलिमीटर असेल, तर यावरून त्या थराचा आंकडा ०.४ निघतो. यांतलीं पुष्कळ मुलें उद्यां बुटीबोरीस किंवा पुण्यास कामास लागतील. तेथें त्यांनीं केलेला उलगडा थेट लेझरच्या यंत्राकडे जाईल, पत्रा त्यांच्या दृष्टीसहि पडणार नाहीं, आणि चूक ध्यानांत येईपर्यंत शंभर तुकडे कापून झालेले असतील.

आमच्या कार्यशाळेच्या भिंतीवर आतां एक तक्ता टांगला आहे. त्यावर पत्र्याची जाडी, घडीची त्रिज्या, मोजून आलेला आंकडा आणि मोजणाऱ्या विद्यार्थ्याचें नांव लिहितात. पत्र्याची नवी खेप आली कीं पहिला तुकडा या कामीं खर्ची पडतो. कधीं कधीं ०.४ च्या जागीं ०.४४ येतात, तेहि तसेच लिहिले जातात.